आयसीयूतली रजिस्ट्री आणि आयसीयूतली ट्रायल: फरक कुठे आहे?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांपुढे ‘संशोधन’ असं लिहिलेला कागद आला की पहिली शंका ठरलेली: आमच्या माणसावर प्रयोग करणार का? उत्तर त्या कागदावर अवलंबून आहे. अत्यवस्थ रुग्णांसाठी अनेक रुग्णालयं मिळून जे संशोधन करतात, त्यात रजिस्ट्री आणि ट्रायल या दोन गोष्टींची फार गल्लत होते.

रजिस्ट्रीत उपचार बदलत नाहीत. नेहमीप्रमाणे जे केलं जातं त्याचीच नोंद होते: वय, आजार, आणलं तेव्हा प्रकृती किती गंभीर होती, व्हेंटिलेटर किती दिवस लागला, पुढे काय झालं. ओळख पटेल असे तपशील वगळून ही माहिती एकत्र केली जाते. भारतातल्या आयसीयूंची ‘आयरिस’ नावाची अशी रजिस्ट्री आहे.

ट्रायलमध्ये मात्र कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं, बहुधा संगणकाने, ठरतं. हेच लोकांना खटकतं आणि ते साहजिक आहे. पण त्याची गरज का पडते, हे आपल्या जिल्ह्यातल्याच आजारावरून पाहू.

नाशिक हा द्राक्षांचा आणि भाजीपाल्याचा जिल्हा. इथल्या आयसीयूंना फवारणीच्या औषधांची विषबाधा नवी नाही. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिनसोबत प्रालिडॉक्सिम देतात. वॉर्डात त्याला ‘पाम’ म्हणतात. समजा, रजिस्ट्रीत दिसलं की पाम मिळालेले जास्त वाचले. मग पामने वाचले म्हणायचं? कदाचित ते शहराजवळचे असतील, लवकर पोचले असतील. सुरगाणा-पेठकडच्या रुग्णाचे वाटेतच काही तास जातात. लवकर पोचण्याचा फायदा औषधाच्या खात्यावर जमा होतो. चिठ्ठीने गट पाडले की जवळचे-लांबचे, तरुण-म्हातारे दोन्हीकडे साधारण सारखे विभागले जातात आणि उरलेला फरक उपचाराचा मानता येतो.

या पामची ट्रायल बारामतीत झाली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 200 रुग्णांची ही ट्रायल 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मोठा डोस सलग दिलेल्या गटात मृत्यू कमी झाले. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या 235 रुग्णांच्या ट्रायलचे निष्कर्ष आले. तिथे पामचा फायदा दिसला नाही. दोन्हीकडचे डोस वेगळे, तुलना वेगळी, रुग्णांची अवस्थाही वेगळी. अशा वेळी अनेक रुग्णालयांनी एकच पद्धत ठरवून, खूप रुग्ण घेऊन काम केलं तरच गुंता सुटतो. एकट्या रुग्णालयाकडे तेवढे रुग्णच नसतात.

एकत्र काम केल्याने काय होतं ते कोविडमध्ये दिसलं. प्लाझ्मासाठी, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या द्रवासाठी, नातेवाईक दाते शोधत वणवण फिरत होते. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या ‘प्लॅसिड’ ट्रायलमध्ये देशातल्या 39 रुग्णालयांनी 464 रुग्ण घेतले. प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावायचा थांबला. मे 2021 मध्ये तो राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला.

पण म्हणून रजिस्ट्री कमी दर्जाची ठरत नाही. रुग्ण किती उशिरा पोचतात, कुठे दगावतात हे तीच दाखवते, आणि ट्रायल कशाची करायची हेही त्यातूनच कळतं.

आणखी एक गल्लत: ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ म्हणजेच सीटीआरआय ही रुग्णांची नोंद नव्हे, ती देशातल्या ट्रायल्सची सार्वजनिक यादी आहे. ती 2007 पासून आहे आणि कोणालाही ऑनलाइन पाहता येते.

रुग्णांची रजिस्ट्री असो की ट्रायल, दोन्हींना एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. ओळख वगळलेल्या रजिस्ट्रीसाठी वेगळ्या सहीची अट कमिटी कधी कधी शिथिल करते. ट्रायलमध्ये संमती लागते. रुग्ण बेशुद्ध असेल तर जवळच्या नातेवाइकाची. माहितीपत्रक मराठीत मागा. दुसऱ्या गटाला कोणते उपचार मिळणार आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारा. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. शुद्धीवर आल्यावर पुढे सहभागी राहायचं की नाही, हे रुग्णाला स्वतःला विचारलं गेलं पाहिजे.