गावाला बंब का नसतो? आग विझवणाऱ्या पथकांची पार्श्वभूमी

उन्हाळा तोंडावर आला की सातारा-सांगलीकडच्या गावांत एक विषय हमखास निघतो: आपल्या गावाचं आग विझवणारं पथक हवं. पोरं तयार असतात. अडतं ते पुढं. बंब कुणाच्या नावावर घ्यायचा, डिझेल कोण घालणार, एखादा भाजला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? या अडचणीची मुळं बरीच जुनी आहेत.

नगरपालिका आपल्याकडे १८५० च्या कायद्यानंतर आल्या. साताऱ्याची १८५३ ची. बंब आला तो नगरपालिकेच्या मागोमाग, म्हणजे शहरात. १९९३ मध्ये पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्या लागू झाल्या, तेव्हा हीच वाटणी कायम राहिली. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि सातवा आहे अग्निशमन सेवा. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय. त्यात कुक्कुटपालन आहे, ग्रंथालयं आहेत, बाजार आणि जत्राही आहेत. आग नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात आग विझवायला मदत करणं हे पंचायतीच्या कामांत धरलेलं आहे, पण दल उभारायला लागणारा पैसा त्याच्या मागून आला नाही. अलीकडे दहिवडी, वडूज, पाटण, कडेगाव, शिराळा अशा तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या आणि अग्निशमन हा विषय निदान कागदावर तिथवर पोचला. आसपासच्या वाड्यावस्त्या होत्या तिथंच आहेत.

म्हणून गावानं आग विझवली नाही असं थोडंच आहे? पूर्वी भर होता तो आग लागू न देण्यावर. कडब्याच्या गंजी आणि बुचाडं घरांना खेटून नाही, तर गावाबाहेर खळवाडीत रचायची. तरीही पेट घेतलाच तर हाकारा, देवळातली घंटा आणि विहिरीपासून माणसांची रांग. हंडे, घागरी, बादल्या हातोहात पुढं जायच्या. मोटेच्या पाण्यावर याहून जास्त काही होण्यासारखं नव्हतं.

खरा बदल घडवला तो उसानं. कृष्णाकाठी सहकारी कारखाने उभे राहिले, वीज शेतात गेली आणि आगीचं कारणही तिच्याबरोबर फडात आलं. हिवाळा-उन्हाळ्यात वाळलेलं पाचट, वर सैल पडलेल्या तारा, वाऱ्यानं त्या एकमेकींना घासल्या की ठिणगी. एकरच्या एकर ऊस तासाभरात जातो. जळक्या उसाचं वजन घटतं, साखरही घटते, त्यामुळं तो तातडीनं तोडून गाळपाला न्यावा लागतो आणि कारखाना बिलात कपात करतो ती वेगळीच. यातली मेख अशी की तारांनी आग लागली तर पहिल्यांदा लाइट बंद करावी लागते, आणि लाइट गेली की विहिरीवरची मोटर थांबते. पाणी डोळ्यांसमोर, पण उपसायची सोय नाही. डिझेल इंजिनाच्या काळात हा पेच नव्हता. याच सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तिथल्या कारखान्यातले पंप देशभर गेले, हे आठवलं की जरा कसंतरीच वाटतं.

मग फडातली आग थांबवतात कशी? बहुतेक वेळा पाण्यानं नाहीच. वाऱ्याची दिशा पाहून पुढच्या दोन-चार सऱ्यांतला ऊस भराभर आडवा करायचा, पाचट ओढून काढायचं आणि आगीला खायला काही ठेवायचं नाही. हे कोयत्याचं काम आहे आणि ते गावकऱ्यांनाच जमतं. बंब आला तर तो बऱ्याचदा साखर कारखान्याचा असतो. बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, ढीग राखायला कारखान्यांना तो बाळगावाच लागतो.

तासगाव, मिरज भागात द्राक्षबागायतदारांकडे ट्रॅक्टरवर चालणारे ब्लोअर असतात. औषध फवारणीचं हे यंत्र, पाचशे-सहाशे लिटरची टाकी आणि विजेची गरज नाही, म्हणून आगीवर पाणी मारायलाही तेच येतं. माण, खटाव, जत, आटपाडीत तेच काम टँकर करतो, कारण टंचाईनं तो दारात आणून उभा केलेला असतो. माझ्या मते आपल्याकडच्या ग्रामीण अग्निशमनाचा पाया हाच आहे. यंत्रं वेगळ्याच गरजेतून आली, आगीच्या कामाला नंतर लागली.

डोंगराकडे गोष्ट निराळी. सातारा, जावळी, पाटणच्या डोंगरउतारावर वणवा पेटतो, आणि पुष्कळदा तो लावलेला असतो. जाळलं की पुढच्या पावसाळ्यात गवत जोमानं येतं, हा समज अजून गेलेला नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात हा गुन्हा आहे. वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच मोकळा करतो, पण झोडपायला माणसं लागतात आणि ती ओल्या फांद्या घेऊन गावातूनच निघतात. १९९० च्या दशकापासून गावकरी आणि वनविभाग मिळून जंगल राखणाऱ्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमुळं या कामाला निदान एक चौकट मिळाली. कास पठाराभोवतालच्या गावांतही अशा समित्या आहेत.

स्वयंसेवी दल ही कल्पना परदेशात जुनी आहे. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ मध्ये असं मंडळ काढलं, तेव्हा सभासदांनी चामड्याच्या बादल्या स्वतःच्या खर्चानं ठेवायच्या असा नियम होता. आपल्याकडं सभासद आणि बादल्या पहिल्यापासून होत्या, नियमच कुणी लिहिले नाहीत.

अलीकडे आपत्तीत मदतीला धावणाऱ्यांसाठीच्या सरकारी ‘आपदा मित्र’ योजनेत निवडलेल्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण आणि विमा मिळू लागला. त्या यादीत नाव नसलेला, शेजाऱ्याच्या फडात कोयता घेऊन उतरलेला माणूस भाजला, तर त्याच्या उपचाराचा खर्च आजही त्याच्या घरच्यांवर किंवा गावाच्या वर्गणीवरच येतो.