ड्रायसूटच्या आत काय घालायचं, हा प्रश्न आला कुठून?

ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा डायव्हिंगचा सूट) घालून डायव्ह संपवून वर आलो, मानेचं सील ताणून डोकं बाहेर काढलं आणि बघतो तर आतला टीशर्ट पिळून काढावा इतका ओला. सूट फाटला असणार म्हणून झिप तपासली, मनगटाची सील्स पाहिली, सूट उलटा करून टॉर्च मारून शिवणी पाहिल्या, कुठे काही नाही. ते पाणी माझंच होतं, घामाचं. बोटीवर अर्धा तास सूट चढवून उभा होतो, आत साधा कॉटनचा टीशर्ट, खाली गेल्यावर तोच टीशर्ट थंडगार फडक्यासारखा पाठीला चिकटून बसला आणि वीस मिनिटांत दात वाजायला लागले. ड्रायसूट वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा असा एक किस्सा असतो. मजा म्हणजे आत काय घालायचं हे भांडण जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे, फक्त दर पिढीत कापड बदलत गेलंय.

आधी मुळातली गोष्ट. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट जास्त उष्णता वाहून नेतं. अंगाभोवती हवेचा थर टिकवता आला तरच माणूस थंड पाण्यात तग धरतो, बाकी सगळं त्या थरासाठीच चाललेलं असतं. सूट पाणी अडवतो, हवा धरून ठेवतात ते आतले कपडे. हे वाक्य दुकानात सूट विकणाऱ्याने पहिल्याच मिनिटाला सांगायला हवं पण तो आधी रंग आणि खिसे दाखवत बसतो.

आता मागे जाऊ. 1823 साली चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबून वॉटरप्रूफ कापड करायचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी चार्ल्स डीनने धुरात शिरायच्या हेल्मेटचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याने आणि त्याचा भाऊ जॉनने तेच हेल्मेट पाण्याखाली नेलं. त्यांचा ड्रेस खालून उघडा असायचा, वरून पंपाने येणारी हवा खालच्या बाजूने निघून जायची, त्यामुळे पाणबुड्या जास्त वाकला किंवा आडवा झाला की पाणी थेट तोंडापर्यंत. मग 1830 च्या दशकाच्या शेवटी ऑगस्टस सीबेने हेल्मेट आणि पूर्ण अंगाचा रबरी कापडाचा सूट एकमेकांना घट्ट जोडला आणि बंद ड्रेस तयार झाला. मधे रबर आणि दोन्हीकडून कापड ही त्या ड्रेसची रचना होती, आणि आजचा ट्रायलॅमिनेट सूट हातात घेऊन बघा, मधे ब्यूटाइल रबर, दोन्हीकडून नायलॉन किंवा पॉलिएस्टर, सँडविच तेच.

त्या बंद ड्रेसच्या आत पाणबुडे लोकर घालायचे. लोकरीची लांब पँट, लोकरीची जाड गंजी, त्यावर अजून एक, लोकरीचे मोजे आणि डोक्यावर ती प्रसिद्ध लाल टोपी. थंडी जास्त असेल तर तेच सगळं दुप्पट. यात काही शास्त्र शोधून काढलं होतं असं नाही, समुद्रावरचे लोक तेच घालत होते. पण निवड अचूक होती. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा आतल्या आत शोषून घेतो तरी हाताला ओला लागत नाही, शोषताना थोडी उष्णताही सोडतो आणि धाग्याला जी नैसर्गिक नागमोड असते ना तिच्यात हवा अडकून राहते. कॉटनचं उलट आहे, भिजलं की ते आडवं होतं, हवा गेली, उरलं ओलं फडकं.

लोकरीचा अजून एक उपयोग होता जो आज आपण विसरतो. पाण्याच्या दाबाने सूट अंगावर आवळतो, त्याला स्क्वीझ म्हणतात, कापडाची चुणी कातडीवर दाबली गेली की लाल वळ उठतो आणि दोन-तीन दिवस जात नाही. जाड लोकर मधे असली की चिमटा कमी बसतो. त्या काळी पायात हवा साठून माणूस उलटा होऊ नये म्हणून ड्रेसचे पाय मागून दोऱ्यांनी घट्ट आवळायची पद्धतही आली, म्हणजे पाय कायम दाबलेले आणि कायम गार. आजही उभ्याने तरंगताना पोटऱ्या आधी गार पडतात कारण हवा वर छातीकडे पळते आणि पायाला दाब जास्त. दोनशे वर्षांत फिजिक्स काही बदललं नाही.

आता रॉयल जॉर्जची गोष्ट सांगायलाच हवी. हे ब्रिटिश युद्धजहाज 1782 साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ स्पिटहेडला बुडालं होतं आणि 1839 पासून कर्नल पासलीच्या हाताखाली त्याचे अवशेष काढायचं काम कित्येक उन्हाळे चाललं. तिथल्या पाणबुड्यांना वारंवार संधिवात आणि सर्दीचा त्रास होतो अशी नोंद पासलीने केलीय. म्हणजे सांधे दुखतायत, दोष थंडीला. आज वाचताना कळतं की ती डीकंप्रेशन सिकनेसची, म्हणजे दाबातून वर येताना अंगात गॅसचे बुडबुडे होऊन जो त्रास होतो त्याची, लक्षणं असणार, पण नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं कारण पॉल बेअरने मांडलं 1878 ला आणि वर येताना कुठे किती थांबायचं (स्टॉप) ते सांगणारी हॉल्डेनची डीकंप्रेशन टेबल्स आली 1908 ला. तोपर्यंत उपाय काय, तर अजून एक गंजी. ही नोंद लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात सूट हलका झाला आणि प्रश्न उघडा पडला. 1942 च्या आसपास ब्रिटिश नौदलाच्या चॅरियट नावाच्या मानवी टॉर्पेडोवर बसणाऱ्यांसाठी स्लेडन सूट आला, अंगाला चिकटणारा रबरी. त्याचं सैनिकांनी ठेवलेलं टोपणनाव क्लॅमी डेथ, म्हणजे चिकट ओलसर मरण. नावातच सगळं आलं. बाहेरचं पाणी अडलं पण आतला घाम कुठे जाणार, तो रबराच्या गार भिंतीवर जाऊन थेंब होतो आणि परत अंगावर.

मग 1951-52 मध्ये बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या फिजिसिस्टने वेगळाच विचार केला. माणूस कोरडा कशाला पाहिजे, गॅसचे बुडबुडे सुटाच्या मटेरियलमध्येच बंद असले तर ओलं राहूनही ऊब टिकते. निओप्रीनचा, म्हणजे बुडबुडे भरलेल्या फेसाळ रबराचा, वेटसूट तिथून आला आणि हौशी डायव्हिंग बरंचसं त्याच्यावरच वाढलं. आत काय घालायचं हा प्रश्नच काही वर्षं गायब झाला. पण खोल गेलं की ते बुडबुडेही दबतात, 10 मीटरला दाब दुप्पट, 30 मीटरला चौपट, आणि जिथे पाणी सगळ्यात गार तिथेच सूट सगळ्यात पातळ.

1960 च्या दशकात स्वीडनच्या पोसायडनचा युनिसूट आला, निओप्रीनचाच पण कोरडा, वॉटरप्रूफ झिपवाला, आणि सिलिंडरमधून सुटात हवा सोडता येते असा. ही हवा सोडायची सोय मला झिपपेक्षाही मोठी वाटते, कारण तेव्हापासून आतले कपडे दाबाखाली चपटे न होता फुगलेले ठेवता यायला लागले. मग कपड्यांवर विचार करण्यात अर्थ आला. 1961 मध्ये नॉर्वेच्या हेली हॅन्सनने फायबर पाइल काढलं होतं, अस्वलासारखं केसाळ सिंथेटिक कापड, ते मच्छीमार आणि जंगलात काम करणाऱ्यांकडून डायव्हर्सकडे आलं आणि ब्रिटिश डायव्हर्स त्या अख्ख्या अंगाच्या सुटाला वूली बेअर म्हणायला लागले. दिसायला विनोदी, पण काम करायचं, भिजलं तरी झटकून परत घालता यायचं.

1970 च्या दशकात त्याच कंपनीने लिफा नावाने पॉलिप्रोपिलीनचे आतले कपडे आणले. हा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे घाम कातडीवरून पुढे सरकतो. अंगाला लागून पातळ थर, त्यावर जाड थर, सगळ्यात बाहेर पाणी-वारा अडवणारा थर ही डोंगरात फिरणाऱ्यांची पद्धत इथून पाण्यात उतरली. डोंगरवाल्यांकडे त्याआधीही एक भारी प्रकार होता, जाळीची बनियान, नॉर्वेच्या हेन्रिक ब्रुन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1933 मध्ये मासेमारीच्या जाळ्यापासून पहिली केली. छिद्रात हवा अडकते, कातडीला कापड कमी लागतं. काही डायव्हर्स आजही जाळीवर अंडरसूट (ड्रायसूटच्या आतला उबदार सूट) घालतात, फक्त गाठी जाड असल्या तर स्क्वीझमध्ये अंगावर सुंदर नक्षी उठते.

पण डोंगराचा हिशोब पाण्याखाली जसाच्या तसा लागू होत नाही आणि इथेच बहुतेक लोक फसतात, मीही फसलो. डोंगरात बाहेरच्या जॅकेटमधून वाफ बाहेर जाते. ड्रायसूट बंद डबा आहे, वाफ कुठेच जात नाही. बेस लेयरचं, म्हणजे अंगालगतच्या पातळ थराचं, काम इतकंच की ओलावा कातडीपासून एक-दोन सेंटिमीटर लांब न्यावा आणि पुढच्या थराने तो धरून ठेवावा. डायव्ह संपल्यावर अंडरसूट बाहेरून दमट आणि आतून कोरडा निघाला तर सगळं बरोबर चाललंय समजायचं.

1980 च्या दशकात पातळ मेम्ब्रेनचे, म्हणजे स्वतः ऊब न देणाऱ्या पातळ कापडाचे, सूट पसरले आणि ऊब द्यायची सगळीच जबाबदारी आतल्या कपड्यांवर आली. 3एमचं थिन्सुलेट 1970 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं होतं, 1979 च्या सुमारास मॉल्डन मिल्सचं पोलरफ्लीस. थिन्सुलेटचा फायदा असा की धागे अतिशय बारीक, कमी जाडीत जास्त हवा धरतात. जाडी कमी म्हणजे बुडायला अंगावर लावायचं शिसं कमी, हे महत्त्वाचं, कारण आत फुगलेला प्रत्येक लिटर हवा जवळजवळ एक किलो शिसं मागतो. जाड फ्लीस घालून चार किलो जास्त लटकवण्यापेक्षा पातळ दोन थर बरे असं माझं मत, आणि एखादा काढता-घालताही येतो.

लेबलवर कधी क्लो हा आकडा दिसतो. हे एकक 1941 सालचं, साधारण 21 अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला बरं वाटेल इतके कपडे म्हणजे 1 क्लो. कोरड्या हवेत, न दाबलेल्या कापडावर मोजलेला आकडा, पाण्याखाली पट्टे आणि हार्नेसखाली तो किती उरेल हे लेबल सांगत नाही.

1990 च्या दशकात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे लोकर परत आली, पण मेरिनो मेंढीची, 18-19 मायक्रॉनचा बारीक धागा, टोचत नाही. पॉलिप्रोपिलीनला तीन डायव्हनंतर जो वास सुटतो तो ज्यांनी घेतलाय त्यांना कारण सांगायची गरज नाही. दुसरी म्हणजे आर्गॉनचं फॅड. खोल जाणारे हीलियम मिसळलेला गॅस घ्यायचे, हीलियम हवेच्या सहापट उष्णता वाहतो, तो सुटात सोडला की गारठलात. म्हणून वेगळ्या छोट्या बाटलीत आर्गॉन, जो हवेच्या दोन तृतीयांशच उष्णता वाहतो. कागदावर एकदम पटतं. पण 2001 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी डायव्हर्सवर हवा आणि आर्गॉन तपासून पाहिले तर फरकच सापडला नाही. हीलियम सुटात नको हे खरंच, पण साधी हवा चालते, आणि त्या बाटलीच्या पैशात चांगल्या मेरिनोचा जोड येतो.

आता परत पासलीकडे. 2007 मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटचा अहवाल आला. तळाशी असताना आणि डीकंप्रेशन करताना पाण्याचं तापमान वेगवेगळं ठेवून, साधारण 36 आणि 27 अंश, त्यांनी डायव्ह करवून घेतले. तळाशी गरम आणि वर येताना गार असणाऱ्यांना बेंड्सचा, म्हणजे त्याच डीकंप्रेशन सिकनेसचा, त्रास सगळ्यात जास्त, आणि तळाशी गार, वर येताना गरम असणाऱ्यांना सगळ्यात कमी. कारण सरळ आहे, गरम अंगात रक्त जास्त फिरतं, गॅस जास्त भरला जातो, मग गारठलेल्या अंगातून तो बाहेर पडायला वेळ लागतो. रॉयल जॉर्जच्या पाणबुड्यांच्या सांधेदुखीला थंडी म्हणणारा पासली कारणात चुकला होता पण थंडीचा संबंध अगदीच नव्हता असंही नाही.

आणि नेमकी हीच उलटी परिस्थिती आपण स्वतः तयार करतो. बोटीवर घामाघूम, तळाशी काम करताना गरम, आणि शेवटच्या स्टॉपवर हलायचं नाही तेव्हा ओला बेस लेयर पाठीला लागून हुडहुडी. बॅटरीवरचे हीटेड व्हेस्ट असलेले लोक तर उतरतानाच बटण दाबतात आणि वर येताना बॅटरी मरते. मी व्हेस्ट वापरत नाही पण वापरायचाच असेल तर बॅटरी वरच्या स्टॉपसाठी राखा, आणि तो बंद पडला तरी भागेल इतके कपडे आत हवेतच. झिप शेवटच्या क्षणी लावायची, तोपर्यंत सूट कमरेपर्यंतच.

मोज्यांचं तेवढं राहिलं. जुने पाणबुडे दोन-दोन लोकरीचे जोड घालायचे कारण त्यांचे बूट ऐसपैस असायचे, शिशाच्या तळव्यांचे. आपले ड्रायसूटचे बूट मापाचे असतात, त्यात तिसरा मोजा कोंबला की आतली हवा जाते, रक्त अडतं आणि पाय आधीपेक्षा लवकर बधिर होतात. एक पातळ मेरिनो, वर एक जाड, आणि बोटं आत हलवता आली पाहिजेत.