पार्श्वभूमी : घड्याळाचं नेट आणि फोनची परवानगी

पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी हा दर दोन तासांनी विचारला जाणारा आकडा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं, तेही कुणी विसरलेलं नाही. साहजिकच, ज्याच्या हाती प्रोग्राम करता येणारं घड्याळ लागतं तो हवामान आणि क्रिकेट सोडून आधी पंचगंगेची पातळी मनगटावर आणायच्या मागे लागतो. आणि अडकतो. फोनमध्ये ब्लूटूथ टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट ब्लूटूथवरून दुसऱ्या यंत्राला द्यायची सोय, चालू आहे, घड्याळ फोनला जोडलेलं दिसतंय, फोनवर नेट धडाधड पळतंय, पण घड्याळाला काही केल्या मिळत नाही.

ब्लूटूथ नावाखाली दोन वेगळे रेडिओ नांदतात, हे याचं मूळ. पहिला १९९९ चा, वायरची जागा घ्यायला आलेला. फोनला मोडेम बनवून लॅपटॉपला नेट द्यायची सोय त्यात सुरुवातीपासून होती. जीपीआरएस या जुन्या, संथ मोबाईल नेटच्या दिवसांत सायबर चौकाजवळच्या भाड्याच्या खोल्यांतून ज्यांनी लॅपटॉप चालवले, त्यांना ‘*९९#’ हा नंबर अजून आठवत असेल. लॅपटॉप ब्लूटूथवरून फोनला तो डायल करायला सांगायचा, मग नेट मुंगीच्या पावलांनी यायचं. पुढे डायल करण्याची भानगड गेली आणि फोन थेट नेटवर्कचा दरवाजा बनला. आजच्या फोनमधलं ब्लूटूथ टेदरिंग म्हणजे तीच सोय.

दुसरा रेडिओ २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० सोबत आला, कमी विजेवर चालणारा. बटणाएवढ्या सेलवर महिनोन् महिने तग धरायची आणि मधूनच चिमूटभर माहिती पाठवायची, हे त्याचं काम. नेट पोचवणं हे त्याच्या गावीही नव्हतं. पाइनटाइम आणि बँगल डॉट जेएस या प्रोग्राम करता येणाऱ्या घड्याळांतल्या चिपमध्ये फक्त हा दुसरा रेडिओ आहे, आणि टेदरिंग चालतं पहिल्यावर. त्यामुळे ते बटण कितीही वेळा दाबा, घड्याळापर्यंत काही पोचत नाही. राजारामपुरीतल्या मोबाईल दुकानांत मिळणारी ‘ब्लूटूथ कॉलिंग’ची स्वस्त घड्याळं बोलण्यासाठी पहिला रेडिओही बाळगतात, पण त्यांना आतून हात लावता येत नाही, म्हणून ती इथे बाजूला ठेवू.

मनगटावर नेट आणायचे प्रयत्न या घड्याळांच्या आधीही झाले. २००० च्या आसपास एका मोठ्या संगणक कंपनीने लिनक्सवर चालणारं घड्याळ दाखवलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीत ब्लूटूथही होतं, पण ते दुकानापर्यंत आलं नाही. २००४ मध्ये अमेरिकेत एफएम रेडिओच्या लहरींवरून हवामान आणि बातम्या घेणारी घड्याळं विकली गेली. ती एकतर्फी होती, ऐकायची आणि गप्प बसायची. खरी गोष्ट सुरू होते पेबल या घड्याळ कंपनीपासून.

२०१२ मध्ये पेबलने लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरच्या वर पैसे उभे केले. त्यानंतर त्यांनी घेतलेला एक निर्णय आजही सगळ्यांना बांधून आहे. घड्याळावरचा प्रोग्राम सी भाषेत, आणि त्याचा जोडीदार, वेबपानांच्या जावास्क्रिप्ट भाषेतला, फोनवरच्या ॲपमध्ये. नेटवर जायचं ते जावास्क्रिप्टने. घड्याळ फक्त चिठ्ठी पाठवणार, फोन तिच्यावरचं काम उरकून उत्तराची चिठ्ठी परत देणार. घरातल्या म्हाताऱ्याने शेजारच्या पोराला पेठेत पिटाळावं, तसं. घड्याळाला ना नेटवरचा पत्ता लागतो, ना स्वतःचं नेटवर्क.

या मांडणीतली मेख २०१६ च्या डिसेंबरात दिसली. कंपनी बुडाली, तिचा माल दुसऱ्या कंपनीने घेतला, आणि फोनवरचं ॲप ज्यांच्या भरवशावर होतं ते सर्व्हर २०१८ च्या जूनमध्ये बंद झाले. मनगटावरचं घड्याळ ठणठणीत, पण हवामान गायब आणि नवं ॲप टाकायची वाट बंद. काही हौशी लोकांनी मिळून पर्यायी सर्व्हर उभे केले आणि हवामान, बोलून लिहिणं अशा खर्चिक सोयींसाठी वर्गणी ठेवली, म्हणून ती घड्याळं जगली.

मधल्या काळात एक सरळ मार्ग कागदावर तयार होता, आणि तो वाया गेला याची चुटपूट आहे. २०१४-१५ मध्ये कमी विजेच्या ब्लूटूथवर आयपीव्ही६, म्हणजे प्रत्येक यंत्राला नेटवर स्वतःचा पत्ता देणारी पद्धत, चालवण्याचं मानक पक्कं झालं. आयपीव्ही६ च्या पाकिटाचा नुसता मथळाच, म्हणजे वरचा पत्त्याचा भागच, ४० बाइटचा. त्या काळच्या ब्लूटूथच्या एका पाकिटात कामाचा मजकूर मावायचा जेमतेम २० बाइट. म्हणून मथळे दाबून लहान करायचे आणि मोठं पाकीट तुकड्यांत पाठवायचं, अशी रीत ठरली. घड्याळाला स्वतःचा पत्ता मिळाला असता आणि फोन नुसता रस्ता झाला असता. लिनक्समध्ये ही सोय आली, पण तिची किल्ली डीबगच्या, म्हणजे चुका शोधणाऱ्या जाणकारांच्या, कप्प्यात राहिली. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ती फिरवून घरापुरता रस्ता तयार करता येतो. फोनच्या दोन्ही मोठ्या प्रणालींनी मात्र सर्वसामान्य वापरकर्त्यासाठी ती कधीच दिली नाही. खिशात घेऊन फिरण्याजोगा रस्ताच नसेल तर मनगटावरच्या पत्त्याचं करायचं काय? त्याच सुमारास, फोनने घड्याळाच्या वतीने वेबपान आणून द्यावं असंही एक मानक निघालं. पत्ता, मथळा, मजकूर यांना प्रत्येकी ५१२ बाइटची मर्यादा होती. तेही फोनवाल्यांनी उचललं नाही.

शेवटी सगळा भार फोनवरच्या मधल्या ॲपवर आला, आणि वाद पेटला तोही तिथेच. अँड्रॉइडवर गॅजेटब्रिज नावाचं मुक्तस्रोत ॲप आहे. कंपन्यांच्या सर्व्हरला न जुमानता घड्याळ वापरता यावं म्हणून, सुरुवातीला पेबलसाठी, ते तयार झालं. त्याच्या कर्त्यांनी एक रेघ ओढली : हे ॲप इंटरनेटची परवानगी मागणारच नाही. तुमचे हृदयाचे ठोके, झोप, येणारे संदेश, सगळं त्याच्या हातातून जातं. परवानगीच नसेल तर ते बाहेर पाठवणार कसं? इथे विश्वासाचा प्रश्न उरत नाही, कारण हमी खुद्द अँड्रॉइडची. तत्त्व म्हणून ही रेघ मला आजही चोख वाटते. कोड वाचून खात्री करणारे हजारात दोन, आणि बाकीच्यांना परवानग्यांची यादी बघून निवांत झोप येते.

बँगल डॉट जेएसने ही रेघ अडचणीत आणली. हे घड्याळ २०१९ मध्ये आलं, दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये. आत जावास्क्रिप्टच चालतं. ६४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दुसऱ्या आवृत्तीत २५६ केबी रॅम. ज्याला ओळखीचं जावास्क्रिप्ट येतं तो संध्याकाळभरात घड्याळाची तबकडी लिहून मोकळा होतो, आणि दुसऱ्या संध्याकाळी विचारतो, ‘आता पातळी कुठनं आणू?’ हवामानासाठी पळवाट होती. दुसऱ्या ॲपने हवामान आणायचं, गॅजेटब्रिजने त्याच्याकडून घेऊन घड्याळाला द्यायचं. पंचगंगेसाठी असं तयार ॲप कोण करणार?

या रेघेवर आक्षेप घेणाऱ्यांचा मुद्दा असा, की भिंत नावापुरती आहे, तिला खिडक्या आहेतच. माहिती दुसऱ्या ॲपमार्फत आत-बाहेर करता येते, मग सरळ दार का नको? उलट बाजूचं म्हणणं अधिक वजनदार होतं, पण ते फारसं कुणी मांडलं नाही. फोनने घड्याळाच्या वतीने कुठलाही पत्ता उघडायचं कबूल केलं, तर घड्याळावर टाकलेलं प्रत्येक ॲप फोनच्या नेटचं मालक होतं. हौसेने उतरवलेली एखादी तबकडी १९२.१६८.१.१ हा घरच्या राउटरचा पत्ताही मागू शकते. वेबपान ब्राउझरमध्ये उघडलं की ब्राउझर काही कुंपणं घालतो. इथे मधलं ॲप जितकं तपासेल तितकंच. शिवाय वेबवरची माहिती झाकणारं एचटीटीपीएसचं कुलूप फोनवर उघडतं, घड्याळात नाही. म्हणजे पासवर्ड असो की ठोके, मधल्या ॲपला सगळं उघडं दिसतं.

तोडगा निघाला तो असा : मूळ ॲप जसंच्या तसं, नेटशिवाय. बँगलसाठी नेटची परवानगी असलेली वेगळी आवृत्ती. तिच्यातही ॲपमधल्या घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘इंटरनेट वापरू द्या’ हे बटण स्वतः चालू करावं लागतं. एकाच कोडच्या दोन आवृत्त्या सांभाळणं ही कटकटच, आणि नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. चुकीची आवृत्ती टाकायची आणि घड्याळाला शिव्या घालायच्या. पण ज्याला नको त्याच्यावर लादलं नाही, ही बाब मोठी.

प्रत्यक्षात काय घडतं ते बघण्यासारखं आहे. घड्याळ ब्लूटूथवरच्या सिरियल वाटेने, म्हणजे अक्षरामागून अक्षर पाठवत, एक ओळ सोडतं. तीत तीनच गोष्टी : हा वेबचा निरोप आहे, हा पत्ता, आणि हा या मागणीचा क्रमांक. शंभरेक अक्षरांची ओळ २०-२० बाइटचे तुकडे होऊन गेली तर पाच-सहा पाकिटं लागतात. नव्या फोनवर पाकीट मोठं ठरवता येतं, तेव्हा एकातच भागतं. फोन पान आणतो, त्याच क्रमांकासह परत पाठवतो. क्रमांक महत्त्वाचा, कारण दोन मागण्या एकदम गेल्या तर उत्तरं कुठल्याही क्रमाने येतात, आणि हवामानाचे २४ अंश पातळीच्या रकान्यात जाऊन बसतात. पान मोठं असेल तर घड्याळाची मेमरी संपते आणि तबकडी कोसळते. म्हणून अख्खं पान मागवत नाहीत. एखाद्या छोट्या सर्व्हरवर आकडा आणि वेळ एवढंच वेगळं काढून ठेवतात आणि घड्याळ तेवढंच उचलतं.

बड्या कंपन्यांच्या घड्याळांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला. २०१७ पासून अँड्रॉइडच्या घड्याळांवरचं ॲप सरळ नेट मागू शकतं, आणि फोन जवळ असेल तर ती मागणी गुपचूप ब्लूटूथवरून फोनमार्फत जाते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याची किंमत म्हणजे रोज रात्री चार्जिंग. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरानंतर डेटा स्वस्त झाला आणि फोनचं नेट दिवसभर चालू ठेवायची सवय लागली. त्याआधी डेटा बंद ठेवून फिरणाऱ्या गावात मनगटावरच्या नेटची कल्पनाच फुकट गेली असती.

२०२५ च्या जानेवारीत पेबलचा मूळ कोड खुला झाला आणि त्याच वर्षी नवी पेबल घड्याळं निघाली. मांडणी जुनीच : घड्याळ चिठ्ठी देणार, नेटवर फोन जाणार. शिरोलीच्या फौंड्रीत पाळीवर जाणाऱ्याचा फोन लॉकरमध्ये आणि घड्याळ शंभर फुटांवर भट्टीपाशी, मध्ये भिंती आणि लोखंड. अशा वेळी मनगटावर शेवटचा आलेला आकडाच दिसत राहतो. म्हणून इथे पातळीची तबकडी लिहिणाऱ्याने आकड्याखाली तो किती वाजताचा आहे हे छापावं, आणि तीन तासांपेक्षा जुना झाला की तो पुसूनच टाकावा.