कोंफ्रारीपासून समुदायापर्यंत: गोव्यातील ख्रिस्ती बंधुभावाची पार्श्वभूमी

फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक उत्सवांच्या, हंगामात गोव्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक ठरावीक बातमी असते. अमुक गावात यंदा मिरवणूक निघणार की नाही, निघालीच तर लाल मुर्सा (मानाचे आखूड वस्त्र) कोणाच्या खांद्यावर असणार, आणि बंदोबस्त किती. त्याच गावात, कदाचित त्याच आठवड्यात, पंधरा-वीस घरांतली माणसे कोणाच्या तरी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून शुभवर्तमानातला एक उतारा वाचतात, वाड्यावरच्या आजाऱ्याकडे कोणी जायचे ते ठरवतात आणि चहा घेऊन घरी जातात. त्याची बातमी होत नाही. पहिली गोष्ट कोंफ्रारीची, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघाची, दुसरी लहान ख्रिस्ती समुदायाची. दोन्ही बंधुभावाच्याच नावाने चालतात, आणि पहिलीचा गुंता कळल्याखेरीज दुसरीत नेमके काय अडते ते कळत नाही.

प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या जगण्याच्या चार बाबी आहेत: शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. यातल्या सहभागितेला गोव्यात सोळाव्या शतकातच संस्थेचे रूप आले. नवख्रिस्तींना आधार देण्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी 1541 मध्ये गोवे शहरात एक कोंफ्रारी स्थापन झाली. तिचा खर्च तिसवाडीतल्या पाडलेल्या देवळांच्या जमिनींच्या उत्पन्नातून भागवण्यात आला. बंधुभावाची ही संस्था दुसऱ्याच्या देवस्थानाच्या मिळकतीवर उभी राहिली, हे नोंदवून पुढे जायला हवे.

गावागावांत मात्र कोंफ्रारीचा पाया वेगळा होता, तो गावकरीचा, म्हणजे मूळ घराण्यांच्या सामाईक जमिनीच्या गावसंस्थेचा. 1526 च्या फोरालाने (पोर्तुगीज सनदेने) गावकरीचे जुने हक्क लिखित स्वरूपात मान्य केले होते. गावकार (या संस्थेचा हक्कदार) ख्रिस्ती झाला तरी त्याचा वांगोड (कुळी) सुटला नाही आणि झोण (उत्पन्नातला वाटा) ही सुटला नाही. चर्च बांधायला, दिव्याला तेल पुरवायला, फेस्ताला पैसा गावकरीनेच दिला. साहजिकच चर्चमधला मानही गावकरीच्या वहीप्रमाणेच वाटला गेला. पवित्र साक्रामेंताची (अभिमंत्रित भाकरीची) कोंफ्रारी एका जातीची, रोझारच्या सायबिणीची (जपमाळेच्या मरियेची) दुसऱ्या जातीची, आल्मांची (मृतात्म्यांची) तिसऱ्यांची. कोणती कोंफ्रारी कोणाकडे, हे तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत गावागणिक बदलते. तत्त्व एकच होते: बाप ज्या वहीत, त्याच वहीत मुलगा. देवळाच्या महाजनांची (वंशपरंपरेने हक्कदार असलेल्यांची) यादी माहीत असलेल्या वाचकाला आणखी सांगायला नको.

कोंफ्रारीचे काम निव्वळ मिरवायचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सभासद दाखल होताना प्रवेशशुल्क भरी आणि पुढे वर्षाची वर्गणी. अध्यक्ष, प्रोकुरादोर (कारभारी), खजिनदार आणि इश्क्रिवांव (लेखनिक) हे पदाधिकारी निवडले जात, हिशेबाची वही राखली जाई. सभासद वारला की घंटा वाजे, बाकीचे सभासद ओपा घालून घरी येत, खुरीस (क्रूस) आणि मेणबत्त्या घेऊन प्रेतासोबत चालत, आणि मृताच्या आत्म्यासाठी ठरलेल्या मिस्सा होत. दफनाचा खर्च घरावर पडत नसे. विधवेला मदत, आजाऱ्याची विचारपूस हेही नियमांत असे. विमा आणि पेन्शन नसलेल्या काळात याची किंमत मोठी होती. जो कोणत्याच वहीत नव्हता त्याच्या वाट्याला काय येई, याचाही अंदाज यावरूनच येतो.

ओपा म्हणजे अंगभर पांढरा झगा आणि मुर्सा म्हणजे खांद्यावरचे आखूड रंगीत वस्त्र. लाल, निळा, जांभळा हे रंग कोंफ्रारीप्रमाणे. मिरवणुकीत पुढे चालणारा लहान मानाचा. साक्रामेंताच्या जितके जवळ, तितका मान मोठा, आणि पालियोच्या (साक्रामेंतावर धरलेल्या छताच्या) दांड्यांना हात लावणारे सर्वांत वरचे. म्हणून भांडण रंगाचे वाटले तरी खरे भांडण जागेचे असते. वाडवडिलांपासून निळा घालत आलेल्यांनी लाल मागणे म्हणजे दांडा मागणे. विसाव्या शतकात साष्टीतल्या काही गावांत ही मागणी झाली. काही ठिकाणी फेस्त दोनदा होऊ लागले, काही ठिकाणी मिरवणूकच थांबली, तर काही प्रकरणे कोर्टात गेली.

मग मैत्रीचे काय? योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. चर्चच्या शिस्तीत मात्र मैत्रीकडे बराच काळ संशयाने पाहिले गेले. सेमिनारीत आणि मठांत दोघांची खास मैत्री जमली की वरिष्ठ त्यांना वेगळे करत, कारण सर्वांशी सारखे वागणे हाच बंधुभाव मानला जाई. गावातल्या सामान्य माणसाची जातीबाहेरची मैत्री नियमांच्या फटीतून वाट काढत राहिली. वाड्यावरच्या खुरसाकडे मे महिन्यात होणारी लादाईन (गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना) ही तशीच एक फट. तिथे कोंफ्रारी नाही, मुर्सा नाही. व्हायोलिन वाजवणारा असला की झाले, आणि शेवटी उकडलेले चणे व घोटभर फेणी. बसण्याच्या जागा तिथेही ठरलेल्या असत, भाटकार (जमीनमालक) खुर्चीवर आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) पायरीवर. पण चणे एकाच टोपातले.

दुसरी फट मुंबईत होती. धोबी तलाव, डाबुल, माझगाव भागात गोव्यातल्या गावांच्या नावाने कुडी, म्हणजे सामाईक वसतिगृहे, उभ्या राहिल्या. तारवटी (बोटीवरचे खलाशी) दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे राहत. माणसाला मिळे ती भिंतीलगत ट्रंक ठेवण्याची जागा आणि रात्री अंथरूण पसरण्यापुरती जमीन. भिंतीशी गावच्या संताचे आल्तार (वेदी), रोज रात्री सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना), आणि वर्षातून एकदा कुडीचे फेस्त. भाडे नाममात्र, नियम कडक. कोणी दारू पिऊन आला किंवा तेर्साला चुकला तर कुडीची पंचायत त्याची हजेरी घेई. गावात जो माणूस दुसऱ्याच्या बाल्कांवाची पायरी चढला नसता, तो इथे त्याच्या शेजारी अंथरूण टाकी. या मैत्रीच्या गोष्टी पुढे गावात परतल्या, पण हक्क मात्र बदलले नाहीत.

मदतीच्या कामातून आलेल्या संघटना कोंफ्रारी आणि अशी मैत्री यांच्या मधल्या म्हणाव्या लागतील. 1833 मध्ये पॅरिसमध्ये (सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी) आणि 1921 मध्ये डब्लिनमध्ये (लीजन ऑफ मेरी) सुरू झालेल्या दोन लोकसंघटनांच्या शाखा गोव्यातल्या अनेक पॅरिशांत (एकेका चर्चच्या हद्दीत) आहेत. घरभेटीला एकट्याने जायचे नाही, जोडीनेच जायचे, ही दोन्हींची रीत. साधी वाटते, पण तिने जोड्या वहीबाहेर लावल्या.

खरी उलथापालथ 1961 नंतर पंधरा वर्षांत झाली, आणि तिची कारणे निम्मी चर्चबाहेरची होती. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 मधली कूळ कायद्याची दुरुस्ती यांनी भाटकाराचा वचक मोडला. गावकरीचे उत्पन्न आटले, त्यामुळे चर्चच्या खर्चातला तिचा वाटाही. आखातात आणि बोटीवर गेलेल्यांचा पैसा ज्या घरांत आला, त्यांतली बरीच घरे कोणत्याही मोठ्या कोंफ्रारीत नव्हती. याच काळात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (1962-65) उपासना कोकणीत आली आणि चर्च म्हणजे देवाची प्रजा ही मांडणी वेदीवरून ऐकू येऊ लागली. ज्याने स्वतःच्या पैशाने चर्चचे छप्पर शाकारून दिले त्याला पालियोचा दांडा नाही, हे आता सांगणार कोण?

यावर चर्चने काढलेला मार्ग म्हणजे लहान ख्रिस्ती समुदाय. कल्पना पूर्व आफ्रिकेत 1970 च्या दशकात आकाराला आली. शुभवर्तमान वाटून घेण्याची सात पायऱ्यांची पद्धत दक्षिण आफ्रिकेतून आली. आशियातल्या बिशपांच्या 1990 च्या बांडुंग (इंडोनेशिया) सभेने समुदायांचा समुदाय म्हणून जगणारे चर्च हे ध्येय ठरवले. गोव्यात पॅरिशांची फेरमांडणी त्यानंतरच्या काळात पक्की होत गेली.

पद्धत अशी. एकाने प्रभूला बोलवायचे. उतारा वाचायचा, दहा-पंधरा वचनांचा, त्याहून मोठा नको. मग ज्याच्या मनात जो शब्द राहिला तो त्याने तीनदा उच्चारायचा, मध्ये थोडी विश्रांती. उतारा पुन्हा वाचून तीन ते पाच मिनिटे गप्प बसायचे. त्यानंतर आपल्याला काय लागले ते सांगायचे. मग एक काम ठरवायचे: कोण, कोणाकडे, केव्हा. शेवटी उत्स्फूर्त प्रार्थना. तासाभरात आटोपते. बिघडते ते बहुधा पाचव्या पायरीवर. सांगणाऱ्याने 'मला' म्हणायचे असते, तो 'आपण सर्वांनी' म्हणू लागतो आणि वाटून घेण्याचे प्रवचन होते. निवृत्त मास्तर असलेल्या समुदायात हे हमखास. दुसरा बिघाड सहाव्या पायरीवर, वेळ संपला म्हणून तीच गाळली जाते, आणि काम नसलेला समुदाय वर्षभरात तेर्सापुरता उरतो. तिसरा बिघाड घराबाहेरचा. कोणी आपल्या मुलाच्या दारूबद्दल बोलली आणि दुसऱ्या सकाळी ते पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीबरोबर वाड्यावर फिरले, की ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही.

पण सगळ्यात जास्त वाद झाला तो या पद्धतीवर नव्हे, तर सीमेवर. समुदायात कोण हे आवडीवर ठरवायचे नाही, घराच्या जागेवर ठरवायचे, असा निर्णय झाला. साधारण 15 ते 30 कुटुंबे, चालत जाता येईल इतक्या अंतरातली. मित्रांचा गट नको, नातेवाइकांचा नको, तेच आपापसांत जमणारे नको. जो शेजारी देवाने दिला तोच. तर्क बिनतोड होता. आवडीचे गट केले असते तर नव्या नावाने जुन्याच कोंफ्राऱ्या उभ्या राहिल्या असत्या.

अडचण अशी की गोव्यातला वाडा ही केवळ भूगोलाची गोष्ट नाही. गावकारांचा वाडा चर्चजवळ, रेंदेरांचा (माडी काढणाऱ्यांचा) माडांच्या भाटात, कुणब्यांचा डोंगराच्या कडेला, हे शतकांचे वाटप. नकाशावर वाड्याची हद्द धरून रेघ मारली की जात आपोआप रेघेच्या आत येते. बऱ्याच ठिकाणी तेच झाले. कारण हद्द माहीत होती, वाड्याचा खुरीस मध्ये होता, आणि लोकांना गोळा करणे सोपे होते. असा समुदाय चांगला चालतो, हजेरी भरपूर, चहा-केक वेळेवर. पण कोंफ्रारीने जे चार शतके केले तेच तो करतो, फक्त मुर्साशिवाय.

काही पाद्रींनी रेघ मुद्दाम वाड्यांच्या आडवी मारली, अर्धा वाडा या समुदायात, अर्धा त्या. तिथे पहिली दोन-तीन वर्षे हजेरी पडली. बैठक आळीपाळीने प्रत्येक घरी व्हायची असल्याने प्रश्न उघडा पडला. भाटकाराच्या घरी सगळे जातात, मुंडकाराच्या घरी बैठक असली की नेमके त्याच दिवशी कोणाचे गुडघे दुखतात. यावर निघालेले उपायही व्यवहारी होते. बैठक घरी न घेता खुरसाकडे किंवा कपेलात (छोट्या प्रार्थनास्थळात) घ्यायची. चहा एका घराने न देता वर्गणीतून आणायचा, म्हणजे कोणाच्या हातचे हा प्रश्न उरत नाही. संचालक दोन, वेगवेगळ्या टोकांचे, आणि तीन वर्षांनी बदलायचे. हे उपाय चालले. मात्र खुरसाकडे नेलेली बैठक म्हणजे घराचा उंबरठा न ओलांडता साधलेली सहभागिता, ही टीकाही रास्तच. उंबरठा ओलांडायला लावणे हाच तर या मांडणीचा हेतू होता. आडव्या रेघेला विरोध करणारे ती लादलेली मैत्री आहे असे म्हणत. पण उभ्या रेघेने लादलेली चार शतके त्यांना लादलेली वाटली नव्हती.

याच सुमारास बिलिव्हर, म्हणजे कॅथलिक चर्चबाहेरच्या, मंडळींच्या प्रार्थनासभा वाढत होत्या. तिथे जाणाऱ्यांची कारणे विचारली तर सिद्धांत क्वचितच पुढे येई. नाव घेऊन कोणीतरी स्वागत केले, आजारपणात सलग आठवडाभर कोणीतरी येत राहिले, हे सांगितले जाई. पॅरिशांत समुदायांना गती येण्यामागे या गळतीचाही हात होता, अधिकृत पत्रकांत तो फार ठळकपणे येत नसला तरी.

कोंफ्राऱ्या बरखास्त झाल्या नाहीत. 1983 च्या कॅनन कायद्यात (चर्चच्या कायदासंहितेत) अशा सार्वजनिक संस्थांना जागा आहे. त्या धर्माधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली असतात, मालमत्तेचा हिशेब दरवर्षी त्यांना द्यावा लागतो (कॅनन 319), आणि रीतसर दाखल झालेल्याला रास्त कारणाशिवाय काढता येत नाही (कॅनन 308). जुने सभासद 308 कडे बोट दाखवतात, चर्चचे अधिकारी 319 कडे. मधला मार्ग म्हणून बऱ्याच गावांत सदस्यत्व सर्वांना खुले झाले आणि फेस्त पॅरिशचे झाले. नोवेनाचे नऊ दिवस समुदायांत वाटले जातात: फुले, गायन, वाचन आणि त्या दिवसाचा खर्च त्या त्या समुदायाचा. फेस्ताच्या दिवसाचा प्रेजेंत (यजमान) मात्र अजून कुठे जुन्या वहीतून ठरतो, कुठे अर्जावरून, कुठे चिठ्ठी टाकून.

नवा पेच आता किनारपट्टीच्या आणि शहरांच्या पॅरिशांत आहे. समुदायाच्या यादीतल्या कित्येक घरांना कुलूप असते, माणसे आखातात किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात गेलेली. फ्लॅटांत राहणारे भाडेकरू यादीत नसतात. त्यांत कर्नाटकातून, झारखंडातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत, ज्यांना कोकणी येत नाही. सीमा जागेवर ठरवायची हा निर्णय शब्दशः पाळला तर ती कुटुंबे समुदायाचीच आहेत, आणि त्यासाठी मूळ पॅरिशचे पत्र आणेपर्यंत थांबायचे कारण नाही. काही पॅरिशांनी दर वर्षी यादी घरोघर फिरून नव्याने करायला आणि उतारा दोन भाषांत वाचायला सुरुवात केली आहे. बाकीच्या ठिकाणी अजून जुनीच यादी चालते.