आधी नुसती भोकंच वाटली होती

न्यूक्लिअर पोअर म्हणजे पेशीच्या केंद्रकाच्या आवरणातली भोकं. त्यांच्या प्रथिनांचं नाव हल्ली ब्लड कॅन्सरपासून एचआयव्हीपर्यंत कुठेही निघतं, पण सुरुवात झाली ती बेडकाच्या अंड्यापासून. बेडकाची अंडपेशी अवाढव्य आणि तिचं केंद्रकही तसंच, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतं, सुईने बाहेर काढता येतं आणि वरचं आवरण पापुद्र्यासारखं सोलता येतं. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन या दोघांनी हा पापुद्रा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातला तर काय, चाळणीसारखी भोकंच भोकं! गंमत म्हणजे त्यांना वाटलं की भोकं फक्त बाहेरच्या थराला आहेत, आतला थर सलग आहे. पुढे कळलं की ती आरपार आहेत आणि मोकळीही नाहीत, आत काहीतरी ठासून बसवलंय. १९५९ मध्ये वॉटसनने (डीएनएवाला नव्हे, हा दुसरा) त्याला पोअर कॉम्प्लेक्स म्हटलं, १९६७ मध्ये गॉलने दाखवलं की त्याची रचना अष्टकोनी आहे.

पण केंद्रकात रेणूंची जा-ये इथूनच होते कशावरून? फेल्डहर नावाचा माणूस सोन्याचे बारीक कण पेशीत टोचून बघत बसायचा. १९८४ मध्ये त्याने कणांना केंद्रकातल्याच एका प्रथिनाचा लेप दिला, आणि ते बरोबर भोकाच्या मधोमध रांग लावून आत गेले. दुसरा लेप दिलेले कण बाहेरच राहिले. म्हणजे भोक नाही, दार आहे, आणि दारावर ओळख विचारतात.

मग प्रथिनं शोधायची शर्यत लागली. यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्लोबेलची लॅब पुढे होती. नावं अगदी कोरडी, न्यूप आणि पुढे किलोडाल्टनमधलं (हे रेणूंच्या वजनाचं माप) वजन, न्यूप६२, न्यूप९८ वगैरे. २००० मध्ये यीस्टची आणि २००२ मध्ये सस्तन प्राण्यांची यादी जवळपास पूर्ण झाली : प्रकार फक्त ३० च्या आसपास, पण प्रत्येकाच्या बऱ्याच प्रती, म्हणून माणसाच्या एका पोअरमध्ये साधारण १,००० प्रथिनं. काही सांगाडा धरतात, आणि काहींना ठरावीक आकारच नाही, ती मधल्या वाटेत शेवयांच्या गुंत्यासारखी लोंबत असतात. छोटे रेणू त्यातून सहज सुटतात, साधारण ४० किलोडाल्टनच्या वर मात्र वाहक प्रथिनाचा हात धरावा लागतो.

आजाराचा धागा भलतीकडूनच आला, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. १९९२ मध्ये ल्युकेमियावाल्यांना, म्हणजे ब्लड कॅन्सरवर काम करणाऱ्यांना, एक तुटून दुसऱ्याला चिकटलेला जीन सापडला, त्याला कॅन म्हणायचे, तो करतो काय कोणालाच माहीत नव्हतं. १९९४ मध्ये ब्लोबेलच्याच लॅबने दाखवलं की हे तर पोअरचं प्रथिन, आताचं न्यूप२१४! दोनच वर्षांत न्यूप९८ पण तसंच ल्युकेमियात सापडलं, त्याचा शेवयांवाला तुकडा जीन चालू करणाऱ्या प्रथिनाला जोडला गेला होता. इथून लोकांना पटायला लागलं की ही मंडळी दारावर बसून राहत नाहीत, आत जाऊन जीनच्या कारभारातही हात घालतात.

मेंदूची गोष्ट वेगळीच. मज्जापेशी विभागत नाहीत, त्यामुळे पोअर नव्याने बांधायची वेळच येत नाही, २०१२ मध्ये उंदरांच्या मेंदूत सांगाड्याची काही प्रथिनं वर्षभर तशीच टिकलेली आढळली. २०१५ मध्ये एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जातात तो आजार) एका आनुवंशिक प्रकारात पोअरची ये-जा बिघडते असं तीन गटांनी एकदमच सांगितलं.

आणि एचआयव्ही. त्याचं शंकूसारखं कवच भोकापेक्षा मोठं, म्हणजे ते बाहेरच फुटत असणार, असं कित्येक वर्षं धरून चालले होते. २०२१ मध्ये जर्मनीतल्या टीमने पेशी न फोडता, आहे तशी गोठवून पाहिली तर अख्खं कवच पोअरमध्ये घुसलेलं. भोकाची जुनी मापं घेतली होती सोलून काढलेल्या पापुद्र्यावर, आणि जिवंत पेशीत ते त्याहून चांगलंच रुंद निघालं.