हबल पॅलेटमधला हिरवा आला कुठून?

या थंडीत इंदूरमधल्या सुदामा नगरच्या आमच्या छतावरून रोझेट नेब्युलाचा, म्हणजे आकाशातल्या एका वायूच्या ढगाचा, फोटो घेतला, मृगाच्या जरा पूर्वेला येतो ना तो. तीन फिल्टर, पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम, एकेका फिल्टरला चाळीसेक, म्हणजे फिल्टरमागे सव्वातीन तास धरा. फ्रेम एकावर एक रचून तीन काळे-पांढरे स्टॅक तयार झाले, सल्फर, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाचा एकेक. सल्फर लाल चॅनलमध्ये, हायड्रोजन हिरव्यात, ऑक्सिजन निळ्यात टाकला, यालाच हबल पॅलेट म्हणतात, आणि स्क्रीनवर अख्खा नेब्युला शेवाळासारखा हिरवा. आत्या चहा घेऊन मागे उभी होती, म्हणाली, "अरे, वर आकाशात असा हिरवा आहे का तो?" मी म्हटलं नाही गं, तो मुख्यतः लाल आहे. "मग हिरवा कोणी केला?" प्रश्न एकदम बरोबर होता. नॅरोबँड, म्हणजे प्रकाशाचा एकेक अरुंद पट्टाच घेऊन फोटो काढणं, शिकवणारे बहुतेक जण स्लायडर कुठे न्यायचा ते सांगतात, का न्यायचा ते राहूनच जातं, आणि त्यासाठी पार 1864 पर्यंत मागे जावं लागतं.

विल्यम हगिन्स लंडनचा. घरचा रेशमी कापडाचा धंदा होता, आपल्या क्लॉथ मार्केटात असतात तशी पेढीच समजा, ती विकून त्याने घरीच वेधशाळा बांधली. तेव्हा मोठा वाद असा की आकाशातले हे धुरकट ठिपके म्हणजे लांबच्या ताऱ्यांची गर्दी, की खरंच काही वायूबियू आहे. 29 ऑगस्ट 1864 ला त्याने कॅट्स आय नेब्युलावर स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं यंत्र, लावला. तारे असते तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसला असता, त्याला दिसल्या मोजक्या सुट्या चमकत्या रेषा, म्हणजे विरळ तापलेला वायू. नॅरोबँडचं मूळ इथेच आहे, प्रकाश ठरावीक रेषांमध्येच येतो म्हणून तर एक रेष ठेवून बाकी सगळं गाळता येतं.

त्यातली सगळ्यात ठळक हिरवी रेष मात्र कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. लोकांनी नवीन मूलद्रव्यच मानलं, नाव ठेवलं नेब्युलियम. सूर्यात 1868 मध्ये दिसलेली पिवळी रेष तशीच अनोळखी होती आणि 1895 मध्ये तो हेलियम पृथ्वीवर सापडलाही, त्यामुळे हेही सापडेल अशी आशा होती. साठेक वर्षं सापडलं नाही. 1927 मध्ये आयरा बोवेनने कोडं सोडवलं, तो साधा ऑक्सिजनच निघाला, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. त्या अणूला ही रेष सोडायला बराच वेळ लागतो आणि त्या काळच्या प्रयोगशाळेतल्या व्हॅक्यूममध्ये तेवढ्यात दुसरा अणू येऊन धडकायचा, नेब्युला इतका विरळ की तिथे धडकायला कोणी नसतंच. हीच आपली ओथ्री, म्हणजे ऑक्सिजन फिल्टरची रेष, तरंगलांबी 500.7 नॅनोमीटर. अंधाराला सरावलेला डोळा 507 च्या आसपास सगळ्यात तेज असतो, म्हणून मृगातला तेजोमेघ मोठ्या दुर्बिणीतून हिरवट दिसतो आणि हायड्रोजनचा 656.3 वाला लाल जवळजवळ दिसतच नाही. आत्याला मी लाल सांगितलं ते कॅमेऱ्याच्या भरवशावर.

फोटोची बाजू थोडक्यात सांगतो. हेन्री ड्रेपरने 30 सप्टेंबर 1880 ला मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, 51 मिनिटांचं एक्स्पोजर. त्या काळच्या प्लेट निळ्याला तेज, लाल त्यांना दिसायचा नाही, तो पकडणाऱ्या प्लेट नंतर आल्या. पालोमार वेधशाळेच्या आकाश-सर्व्हेतल्या लाल प्लेट बघून स्ट्युअर्ट शार्पलेसने 1959 मध्ये 313 हायड्रोजन मेघांची यादी केली, त्यात आपला रोझेट 275 नंबरवर आहे. पुढे हौशी लोक फिल्म वापरायच्या आधी हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये ठेवून तेज करायचे, एका फ्रेमसाठी एवढी मेहनत.

फिल्टर म्हणजे काचेवर पातळ थरांवर थर. शेजारचे काका लेझरच्या कामातून रिटायर झालेत, त्यांनी साबणाच्या फुग्यावरून समजावलं, थराची जाडी ठरवते कुठला रंग पार जाणार आणि कुठला परत फिरणार. डोळ्याला दिसतो तो पट्टा साधारण 400 ते 700, त्यातले 7 नॅनोमीटर ठेवले तर शहराचा उजेड ढोबळमानाने चाळिसाव्या हिश्श्यावर येतो. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे दिवे होते, त्यांचा उजेड बराचसा पिवळ्यात अडकलेला, आता एलईडीचा सगळीकडे पसरलेला आहे, म्हणून आपल्या इंदूरच्या मधोमध राहणाऱ्याला हे फिल्टर म्हणजे आकाश परत मिळाल्यासारखं आहे, मी हे मनापासून सांगतोय, इथून नुसत्या कॅमेऱ्याने मला रोझेट कधीच मिळाला नसता.

आता तो हिरवा. 1 एप्रिल 1995 ला हबल अंतराळ दुर्बिणीतून गरुड नेब्युलातले वायू-धुळीचे ते प्रसिद्ध खांब टिपले, अ‍ॅरिझोनाच्या जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी. हबलच्या कॅमेऱ्यातल्या चार डिटेक्टरांपैकी एक जास्त झूमचा होता म्हणून चित्राचा एक कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला दिसतो. हातात होते ते काळे-पांढरेच फोटो, सल्फरचे, हायड्रोजनचे, ऑक्सिजनचे. खऱ्या रंगात ठेवायचे तर 656 चा हायड्रोजन आणि 672 च्या आसपासचा सल्फर दोन्ही लालच, एकमेकांत मिसळून जातात, वेगळे ओळखूच येत नाहीत. म्हणून तरंगलांबीचा क्रम तसाच ठेवला आणि रंग लांब-लांब केले, सगळ्यात लांब सल्फर लाल, मधला हायड्रोजन हिरवा, आखूड ऑक्सिजन निळा. कुठला रंग कुणाला हे माणसाने ठरवलं, पण कुठे किती उजेड आहे ते आकाशातूनच आलंय. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढायला 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ऑक्सिजनचा दुसरा काढायला 35.1, म्हणून ऑक्सिजन फक्त फार गरम ताऱ्यांजवळ चमकतो आणि सल्फर कडेकडेला, जिथे ताऱ्यांचा जोर संपत येतो.

आणि हायड्रोजन सगळ्यात जोरदार म्हणून सगळं हिरवं. सोनेरी आणि मोरपंखी जे दिसतं ते पुढच्या प्रोसेसिंगमधून, सल्फर आणि ऑक्सिजन जास्त स्ट्रेच करायचे, म्हणजे ताणून उजळ करायचे, हिरवा दाबायचा. त्याची किंमत तारे मोजतात, लाल आणि निळ्यात ते फुगतात, हिरव्यात नाही, म्हणून प्रत्येक ताऱ्याभोवती जांभळट-गुलाबी कडं येतं. त्यावर जुना उपाय असा, फोटो उलटा करा म्हणजे ते कडं हिरवं होतं, मग हिरवा काढायचं टूल चालवा, परत सुलटा करा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी तीनदा अन्डू करून परत बघितलं. आता स्टारनेटसारखं सॉफ्टवेअर तारे आधीच वेगळे करून देतं, नेब्युला निवांत स्ट्रेच करा, साध्या लाल-हिरव्या-निळ्या (आरजीबी) फिल्टरने घेतलेले तारे नंतर वरून ठेवा. माझ्या मते हेच योग्य, ताऱ्यांचा खरा रंग का घालवायचा? हिरवा पूर्ण शून्यावर नेणंही मला पटत नाही, तो हायड्रोजन आहे, नेब्युला मुख्यतः त्याचाच बनलाय.

या रेषा अजून संपलेल्या नाहीत. 2023 च्या जानेवारीत ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेन्टी या हौशी मंडळींचा शोध जाहीर झाला, देवयानी दीर्घिकेच्या शेजारी ओथ्रीची एक लांबलचक कमान. इतक्या वेळा फोटो काढलेली दीर्घिका, पण तिच्या आजूबाजूला ऑक्सिजनचा फिल्टर लावून कोणी एवढा वेळ थांबलंच नव्हतं.

आत्याला शेवटी तिन्ही काळे-पांढरे स्टॅक शेजारी शेजारी लावून दाखवले. हायड्रोजन सगळीकडे, सल्फर पाकळ्यांच्या कडेला. ऑक्सिजनवर तिने बोट ठेवलं, "हा नुसता मधेच आहे रे, भोकाभोवती." तिथेच एनजीसी 2244 या तारकागुच्छाचे गरम तारे आहेत.