गेम लूप येतो कुठून: पहिल्या सेमिस्टरच्या अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी

नाशिकच्या कॉलेजात गेम प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स घेतला की तिसऱ्या-चौथ्या प्रॅक्टिकलला एक फजिती ठरलेली असते. लॅबच्या पीसीवर शहाण्यासारखा चालणारा गेम कुणाच्या तरी नव्या लॅपटॉपवर लावला, की त्यातला खेळाडू उधळतो. कोडमध्ये लिहिलेलं असतं, ‘दर फ्रेमला ५ पिक्सेल पुढे’. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र. लॅबचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, सेकंदाला ६० फ्रेम दाखवणारा, म्हणजे सेकंदाला ३०० पिक्सेल; लॅपटॉपचा १४४ हर्ट्झचा, म्हणजे ७२०. त्यावर उपाय एका गुणाकाराचा आहे. वेग पिक्सेल प्रतिसेकंद धरायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टा टाइमने, गुणायचा. ६० हर्ट्झवर एक फ्रेम ०.०१६७ सेकंदाची: ३०० गुणिले ०.०१६७, पुन्हा ५.

हाच घोटाळा आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांच्या काळात गेमचा गुण ठरला होता. १९७२ सालच्या ‘पाँग’मध्ये प्रोग्राम असा नव्हताच, ॲलन अल्कॉर्न यांनी तो अटारीसाठी निव्वळ लॉजिक चिप्स जोडून उभा केला. चेंडूचा वेग सर्किटमध्येच ठरलेला, तो दुसऱ्या यंत्रावर नेऊन बिघडण्याचा प्रश्नच नाही. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये मात्र इंटेल ८०८० प्रोसेसर होता आणि तोमोहिरो निशिकादो यांच्या प्रोग्रामला एका फ्रेममध्ये एकच शत्रू सरकवणं परवडत होतं. शत्रू ५५. म्हणजे सगळ्या फौजेचं एक पाऊल पडायला ५५ फ्रेम. शत्रू मरत गेले की फेरी लवकर संपते, उरलेले जोरात धावतात, आणि शेवटचा एकटा तर सुसाट सुटतो. लोकांना वाटलं, काय छान कठीण होत जातो गेम! पुढे पीसी आले, त्यांचे वेग वेगवेगळे झाले, आणि प्रोसेसरच्या वेगावर बेतलेले जुने गेम नव्या यंत्रांवर खेळता येईनात. त्या काळच्या पीसीच्या डब्यावरचं ‘टर्बो’ बटण नावाच्या उलट कामाला येई: ते बंद करून यंत्र मुद्दाम हळू करायचं. डेल्टा टाइम पहिल्या महिन्यातच शिकवतात, त्याचं मूळ इथे आहे.

‘फ्रेम’ हा शब्द नाशिकला तसा जुना. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी रोपाची वाढ रोज एकेक फ्रेम टिपून पडद्यावर दाखवली, त्याला शंभरावर वर्षं झाली. फरक एवढाच, की सिनेमाची फ्रेम आधी टिपून ठेवलेली असते, गेमची फ्रेम त्या क्षणी घडवावी लागते. इनपुट वाचा, जग पुढे सरकवा, चित्र काढा. हे सगळं १६.६७ मिलिसेकंदांत उरकायचं, की पुन्हा पहिल्यापासून. हाच गेम लूप.

आपल्याकडे हा विषय आला तो स्वतःच्या नावाने नाही, कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पोटातून. नाशिकची अभियांत्रिकी कॉलेजं बहुतांशी पुणे विद्यापीठाशी संलग्न. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला डीडीए आणि ब्रेझनहॅम (रेषा काढण्याच्या दोन पद्धती), क्लिपिंग (चौकटीबाहेरचं चित्र छाटणं) अशी प्रॅक्टिकलं, आणि २०१९ च्या पॅटर्नमध्येही, म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्तीतही, ॲनिमेशन आणि गेमिंग शेवटच्या युनिटमध्ये. शेवटचं युनिट म्हणजे काय, ते विद्यार्थ्यांना सांगायला नको. ब्रेझनहॅमची रेषा १९६२ मध्ये आयबीएममध्ये एका प्लॉटरसाठी, म्हणजे पेनाने चित्र काढणाऱ्या यंत्रासाठी जन्मली. सगळा हिशेब पूर्णांकांत, कारण अपूर्णांक महाग पडत. आज रेषा ग्राफिक्स कार्ड काढतं, तरी पेपरात त्या रेषेच्या एकेक बिंदूचं टेबल हाताने भरावं लागतं.

आणि ही प्रॅक्टिकलं पिढ्यान्‌पिढ्या झाली ती टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर. सी भाषेचा १९८७ चा हा कंपायलर इथल्या लॅबमध्ये अपेक्षेपेक्षा फार टिकला. ६४ बिटच्या विंडोजवर तो चालेना, तेव्हा डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, घालून चालवला. बीजीआय फोल्डरचा (टर्बो सीच्या ग्राफिक्स फाइलींचा) पाथ चुकला की ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ हा एरर. तो बरोबर असला, तर पुढची अडचण लुकलुकीची: स्क्रीन पुसून चित्र काढलं की पुसलेला क्षणही डोळ्यांना दिसतो. त्यावर दोन पानांची युक्ती होती. एक पान दाखवायचं, दुसऱ्यावर चित्र काढायचं, मग अदलाबदल. पण ६४० बाय ४८० च्या मोडमध्ये दुसरं पान मिळतच नसे. हिशेब पाहा: १६ रंग म्हणजे पिक्सेलला ४ बिट, एका पानाला १,५३,६०० बाइट्स, दोन पानांना ३,०७,२००, व्हीजीए कार्डाची मेमरी २५६ केबी, म्हणजे २,६२,१४४. उंची ३५० वर आणली की दोन पानं २,२४,००० मध्ये बसतात. ज्यांना हे माहीत होतं त्यांचा चेंडू लुकलुकत नसे. बाकीचे ‘डिले’, म्हणजे दोन चित्रांमधला थांबा, वाढवून पाहत. आजची गेम इंजिनं, म्हणजे गेम बनवायची तयार साधनं, हीच अदलाबदल गुपचूप करतात आणि तिला डबल बफरिंग म्हणतात.

इंजिन ही कल्पना रुळली १९९३ च्या ‘डूम’पासून. त्यात चालवणारा प्रोग्राम वेगळा आणि नकाशे-चित्रांची फाइल वेगळी, त्यामुळे लोकांनी प्रोग्रामला हात न लावता स्वतःचे नकाशे घातले. युनिटी हे इंजिन २००५ मध्ये आलं, गोडो हे दुसरं इंजिन २०१४ मध्ये मुक्त स्रोत झालं. दरम्यान ज्यांनी एकाच साधनावर अभ्यासक्रम बेतला ते अडकले. मायक्रोसॉफ्टचं २००६ चं एक्सएनए हे गेम बनवायचं साधन कंपनीनेच सोडून दिलं, फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, वर्षभराने मागे घेतलं. तोवर अनेकजण गोडोकडे वळले होते. ४ जीबी रॅमच्या लॅबसाठी आम्हीही गोडोच सुचवू. झिप उघडली की चालू. इन्स्टॉल नाही, म्हणजे ॲडमिन पासवर्डसाठी लॅब असिस्टंटला शोधत फिरणं नाही.

मात्र साधन बदललं की डेल्टा टाइमची चूक रूप बदलते. गोडो ४ मध्ये पात्र सरकवणारं ‘मूव्ह अँड स्लाइड’ हे फंक्शन स्वतःच वेळेने गुणतं. वर्गात शिकवलं म्हणून विद्यार्थी व्हेलॉसिटीलाही (वेगालाही) डेल्टाने गुणतो, आणि ३०० चे ५ होऊन खेळाडू गोगलगायीसारखा सरकतो. पायगेम या पायथॉनच्या गेम लायब्ररीत ‘क्लॉक टिक’ गेलेला वेळ मिलिसेकंदांत देतं. हजाराने भागायचं राहिलं की पात्र पहिल्याच फ्रेमला पडद्याबाहेर. त्याहून छळणारी चूक ‘रेक्ट’ची, म्हणजे पायगेममध्ये वस्तूची जागा धरणाऱ्या आयताची. त्यात जागा पूर्णांकात साठते. फ्रेमला ०.५ पिक्सेलचा वेग दिला, तर उजवीकडे १०० चे १००.५, छाटून पुन्हा १००, म्हणजे हलतच नाही. डावीकडे ९९.५ चे ९९, म्हणजे दुप्पट वेगाने पळतं. गेममधला राक्षस फक्त डावीकडे चालतो, असं कुणी म्हणालं तर आधी इथे पाहावं. खरी जागा वेगळ्या अपूर्णांक व्हेरिएबलमध्ये ठेवावी आणि रेक्टला फक्त चित्र काढण्यापुरती द्यावी.

टक्करतपासणीतही, म्हणजे दोन वस्तू एकमेकींना लागतात का ते पाहण्यात, जुनी युक्ती आजच्या मिनी प्रोजेक्टला तारते. सिंहस्थात रामकुंडावरची गर्दी सांभाळायचा गेम, ही इथल्या विद्यार्थ्याला सहज सुचणारी कल्पना. ५०० माणसं ठेवली आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी टक्कर तपासली, तर एका फ्रेमला १,२४,७५० तपासण्या. पायथॉनमध्ये हे चालायचंच नाही. घाटाचे १० बाय १० चौकोन करून प्रत्येकाला आपला आणि भोवतीचे ८ एवढेच चौकोन तपासायला लावले, तर माणसं सारखी पसरलेली असताना काम ११ हजारांच्या आसपास येतं. ‘डूम’चा नकाशाही असाच १२८ बाय १२८ एककांच्या चौकोनांत कापलेला होता. गर्दी एकाच चौकोनात कोंबली की मात्र युक्ती लंगडी पडते, आणि कुंडाकाठी नेमकं तेच होतं. तेव्हा चौकोन लहान करावेत, पण एका माणसाच्या मापापेक्षा लहान नकोत.

सबमिशनच्या आदल्या रात्रीसाठी दोन गोष्टी. गोडोचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर नेताना लपलेला ‘डॉट गोडो’ फोल्डर सोडला तरी चालतो, तो पुन्हा तयार होतो. ‘डॉट इम्पोर्ट’ फाइली मात्र सोडू नयेत. आणि फाइलींची नावं आधीपासून सगळी लहान लिपीत ठेवावीत. लहान-मोठ्या अक्षरांत भेद न करण्याची सवय विंडोजने डॉसकडून उचललेली आहे, त्यामुळे कोडमध्ये ‘पी’ लहान आणि फाइलमध्ये मोठा असला तरी लॅबमध्ये सगळं सुरळीत दिसतं. एक्स्पोर्ट झालेला गेम मात्र हा भेद पाळतो: ॲन्ड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट केलं, की परीक्षकाच्या समोर फोनवर खेळाडूचं चित्रच सापडत नाही.